चाल कुठल्या घरची? मराठी गाण्यांची वर्गवारी करायला बसलेल्यांसाठी

घरातल्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून झाल्या. फोनमध्ये आजीच्या ओव्या आहेत, गावच्या भजनी मंडळाचे व्हिडिओ आहेत, शिवाय कुणी कुणी पाठवलेली नाट्यपदं. आता हे सगळं एकदाचं लावून टाकू म्हणून आपण 'अभंग', 'लावणी', 'नाट्यगीत', 'भावगीत', 'लोकगीत' असे फोल्डर उघडतो, आणि शेवटी एक 'इतर'. तासाभरात 'इतर'च सगळ्यात फुगलेला असतो.

यात कान कच्चा असण्याचा दोष थोडा, फोल्डरांचा जास्त. ही नावं एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. अभंग म्हटलं की शब्द कुठल्या बांधणीत आहेत ते कळतं. नाट्यगीत म्हटलं की गाणं कुठल्या मंचावर उभं राहिलं ते कळतं. चित्रपटगीत हे माध्यमाचं नाव झालं, भीमगीत विषयाचं, भूपाळी वेळेचं. त्यामुळे एकच गाणं तीन फोल्डरांत हक्काने बसतं, आणि चौथं कुठेच बसत नाही. म्हणून पुढची सगळी रीत एका गोष्टीवर उभी आहे: गाण्याला आधी वेगवेगळे प्रश्न विचारायचे, प्रत्येकाचं उत्तर वेगळं लिहायचं, आणि प्रकाराचं नाव सगळ्यात शेवटी द्यायचं.

पायरी १: फोल्डर मिटा, तक्ता उघडा

एक्सेल असो, गूगल शीट असो किंवा आडवी धरलेली वही, काहीही चालेल. रकाने असे आखा: पहिली ओळ, शब्दांची बांधणी, ठेका, वाद्यं, चालीचा घाट, सूर, गायकी, विषय, प्रसंग किंवा मंच, माध्यम, चाल कुठून आली. 'प्रकार' हा रकाना अगदी उजवीकडे ठेवा आणि बाकीचे भरून होईपर्यंत त्याला हात लावू नका. तो आधी भरला की कान त्याच्याच बाजूने साक्ष द्यायला लागतो. एकदा 'लावणी' लिहिलंत की साध्या ढोलकच्या जागीही ढोलकी ऐकू यायला लागते.

सुरुवातीला तीसेक गाणी घ्या, आणि मुद्दाम सरमिसळ असलेली घ्या. सगळे अभंगच घेतलेत तर तुलनेला काही उरणार नाही. फोनवर तानपुऱ्याचं एखादं ॲप हवं. गाणं सावकाश ऐकायला ऑडॅसिटीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. त्यात पट्टी तशीच ठेवून नुसता वेग कमी करता येतो.

पायरी २: शब्द विसरून ठेका मोजा

सगळ्यात आधी ठेका, कारण त्याला गाण्याचं ज्ञान लागत नाही, हात लागतो. जिथे सगळ्यात जास्त जोर येतो तिथे टाळी द्या, आणि तसाच जोर पुन्हा येईपर्यंत बोटांवर मोजत राहा. ध्रुवपदाच्या पहिल्या ओळीतला एखादा शब्द दर वेळी धपकन एकाच जागी पडतो. बहुतेकदा तीच सम, म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा (मात्रा म्हणजे मोजणीतला एक ठोका). मात्र ओळीचा पहिला शब्द म्हणजेच सम असं धरून चालू नका. नाट्यपदांत आणि बंदिशींत मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, समेच्या आधीच सुरू होऊन तिच्यावर येऊन पडतो.

चार आले, आठ आले की सोळा, यावर नव्या माणसाचा बराच वेळ जातो. तो घालवू नका. पहिला प्रश्न इतकाच की गाणं तिनाच्या पटीत चालतं की चाराच्या. तिनाच्या असेल तर सहा मात्रांचा दादरा (धा धिं ना, धा तिं ना) बहुधा जुळतो. चाराच्या असेल तर आठ मात्रांचा केरवा (धा गे ना ति, न क धि न), भजनी ठेका, नाहीतर सोळा मात्रांचा त्रिताल. यांतलं नेमकं काय, हे ठेक्याच्या वजनावरून हळूहळू कळायला लागतं.

मोजताना सात किंवा दहा आले तर कान टवकारा. सात म्हणजे रूपक (तीन-दोन-दोन), दहा म्हणजे झपताल (दोन-तीन-दोन-तीन). हे ताल जात्यावर किंवा गोंधळात क्वचितच सापडतील. चालीमागे रागदारी शिकलेला संगीतकार आहे, अशी ती खूण. गाणं नाट्यपद असेल, भावगीत असेल, नाहीतर मैफलीत गायला जाणारा अभंग.

उलट बाजूने मात्र ही खूण चालत नाही. केरवा निघाला म्हणून काहीच ठरत नाही, कारण केरवा सगळीकडे आहे.

पायरी ३: साथीला काय वाजतंय?

वाद्य हा सगळ्यात बोलका पुरावा, म्हणूनच सगळ्यात फसवाही. आधी बोलकं ते सांगतो.

टाळ, पखवाज, वीणा एकत्र ऐकू आले की वारकरी परंपरा. कंबरेला बांधलेल्या जोडवाद्याचा, काठ्यांनी वाजवलेला कडक नाद आणि सोबत तुणतुणं असेल तर तो संबळ, म्हणजे अंबाबाईच्या, रेणुकेच्या नावाचा गोंधळ. दिमडी आणि घोळ असतील तर खंडोबाचं जागरण, वाघ्या-मुरळीचं. चिपळ्या आणि टाळ घेऊन एकटाच माणूस पहाटे गात येत असेल तर वासुदेव. डफ, तुणतुणं आणि मागून 'जी जी रं जी' म्हणत सूर धरणारे झीलकरी, म्हणजे शाहीर पोवाड्याला उभा आहे. घुमट ऐकू आला तर गोव्याकडे वळा. मांडो असेल तर लय संथ आणि सोबत व्हायोलिन, आणि भाषा कोकणी. त्याला मराठी लोकगीतांत घुसडू नका.

ढोलकीवर जरा थांबा. ढोलकीची उजवी पुडी चढ्या सुरात लावलेली असते, तिचा बोल टणत्कारासारखा उडतो. डावीचा घुमारा खालून येतो. कडवं संपलं की ढोलकीवाला तोडा घेतो आणि त्यावर घुंगरांचे चाळ बोलतात. ही फडाची लावणी. पण लावणी बसूनही गायली जाते. बैठकीच्या लावणीत तबला-पेटी येते, लय खाली उतरते, आणि एकच ओळ वेगवेगळ्या भावाने पुन्हा पुन्हा म्हणत अदा दाखवली जाते. ढोलकी ऐकू आली नाही म्हणून लावणीचा रकाना कोरा ठेवणारा माणूस यमुनाबाई वाईकरांच्या परंपरेचं सगळं गाणं ठुमरीत टाकून मोकळा होईल.

आता फसवं. रेकॉर्डिंग स्टुडिओत कुठल्याही चालीला काहीही जोडता येतं. अलीकडच्या भक्तिगीतांत तर संबळ, ढोलकी, पखवाज, सतार सगळं एकाच गाण्यात हजर असतं आणि त्यातलं निम्मं कीबोर्डवरून आलेलं असतं. म्हणून या रकान्यात 'काय वाजतंय' इतकंच लिहा, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

पायरी ४: अक्षरं मोजा

या पायरीवर बरेच जण कंटाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हाती इथेच लागतं. गाणं थांबवा, शब्द कागदावर लिहा आणि बोटांवर अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरायचं.

तुकोबांची ही ओळ घ्या: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनियां. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, पुन्हा सहा. ठे-वो-नि-यां, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक: विटेवरी, कटावरी. सहा-सहा-सहा-चार ही मोठ्या अभंगाची बांधणी. आता 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले' मोजा. आठ आणि आठ, शेवटी यमक. हा लहान अभंग. बोटांना ही दोन मापं एकदा सवयीची झाली की गाणारा कुणीही असो, चाल कुठलीही असो, शब्दांची जात लपत नाही. अधूनमधून एखादं अक्षर कमीजास्त निघेल. अभंग गाण्यासाठी रचलेले असतात, गाताना एखादं अक्षर ओढलं जातं नाहीतर गिळलं जातं. दोन-तीन कडवी मोजा आणि कल पाहा.

श्लोक याहून काटेकोर. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' मध्ये बारा अक्षरं आहेत, आणि लघु-गुरूंचा (आखूड आणि लांब उच्चाराच्या अक्षरांचा) क्रमही ठरलेला: लघु-गुरु-गुरु असे चार गट. हे भुजंगप्रयात वृत्त. रामदासांचे मनाचे सगळे श्लोक याच मापाचे असल्यामुळे एकाची चाल येणाऱ्याला सगळे म्हणता येतात.

लावणीत अक्षरं मोजून फारसं हाती लागत नाही, तिथे मात्रा मोजाव्या लागतात (लघु अक्षराची एक, गुरूची दोन). बहुतेक लावण्या आठ मात्रांच्या आवर्तनात फिरतात. गझलेत पहिल्या शेरातच काफिया-रदीफ (यमक आणि त्यामागून जसाच्या तसा येणारा शब्द) पक्के होतात आणि पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीला परत येतात. सुरेश भटांची गझल भावगीताच्या चालीत गायली गेली तरी 'शब्दांची बांधणी' या रकान्यात गझलच लिहायची. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदांच्या डोक्यावर साकी, दिंडी, अंजनीगीत अशी नावं छापलेली दिसतील. तीही चाल-वृत्ताकडे बोट दाखवतात, रागाकडे नाही.

पायरी ५: चालीचा घाट

आता नुसती चाल गुणगुणा, शब्दांऐवजी 'ना ना' म्हणत. दोन गोष्टी पाहा. चाल किती सुरांत फिरते, आणि प्रत्येक कडव्याला तीच येते की बदलते.

जात्यावरच्या ओवीची चाल तीन-चार सुरांत, फार तर पाचांत असते. दर ओवीला तीच. ओळ संपताना खाली उतरते, मधे बाई दम घेते आणि जात्याची घरघर चालूच असते. अशा ओव्या लाखाच्या वर जमवण्याचं काम हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात झालं. 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ ऐकायला मिळतात. त्या ऐकताना लक्षात येईल की हजारो ओव्या थोडक्या चालींवर चालतात. तिथे चालीवरून वर्गवारी केलीत तर सगळा ढीग एकाच कप्प्यात जाईल, म्हणून ओव्या विषयावरून लावणं शहाणपणाचं: माहेर, भाऊ, लेक, पंढरी, पाऊस.

पोवाड्यात चाल आणि बोलणं यांतली सीमाच पुसट असते. शाहीर चढ्या सुरात भराभरा प्रसंग सांगत जातो, मधेच गद्यात उतरतो, पुन्हा सुरावर चढतो. आरतीत आणि समूहभजनात पल्ला लहान, उड्या कमी, कारण सगळ्या गावाला ते झेपायला हवं.

भावगीत याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. १९३०च्या दशकात जी. एन. जोशींच्या आवाजातली ना. घ. देशपांड्यांची कविता ध्वनिमुद्रिकेवर गाजली, तेव्हापासूनचा हा प्रवाह. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांतच सगळं बसवायचं असल्यामुळे तानेला जागा नाही, शब्द स्वच्छ, कवितेचा भाव सांभाळत चाल पुढे सरकते. दुसऱ्या अंतऱ्याची (कडव्याची) चाल पहिल्याहून वेगळी निघाली आणि मधल्या जागा वाद्यांनी बेतून भरल्या असतील, तर 'भावगीताचा घाट' असं लिहायला हरकत नाही. नाट्यपदाचा मूळ सांगाडा छोटा असतो, ध्रुवपद आणि एखादा अंतरा. पण त्यात गायकाने मुक्काम ठोकायचा असतो. तीन मिनिटांचं पद बालगंधर्वांच्या नाटकात 'वन्स मोअर' घेत घेत कितीही लांबायचं.

पायरी ६: सूर लिहा, राग सावकाश

नव्या माणसाला राग ओळखायची घाई फार. ती आवरा. आधी षड्ज शोधा. तानपुरा लावून त्याची पट्टी वरखाली करत राहा. गाणं ज्या ठिकाणी त्याच्यात विरघळेल तो सा. (काळी एक की पांढरी चार हे लिहिलंत तरी चालेल, पण ती गाणाऱ्याच्या गळ्याची सोय आहे. तिचा प्रकाराशी संबंध नाही.) मग पेटीवर चालीतले सूर शोधून उतरवा.

सूर मिळाले म्हणजे राग मिळाला असं नाही, आणि याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण भूप आणि देशकार. दोघांचे सूर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे मुख्य सूर, राग खालच्या अंगाने फुलतो, पुन्हा पुन्हा ग वर येऊन टेकतो. देशकारात धैवताचं (ध) राज्य, सगळा जीव वरच्या अंगात. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी आपल्या दहा थाटांत (सुरांवरून केलेल्या रागांच्या गटांत) भूप कल्याणात घातला आणि देशकार बिलावलात. तेव्हा सुरांची यादी लिहिल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: चाल विसाव्याला कुठे बसते? ज्या सुरावर ओळी संपतात आणि ज्याला धरून चाल घोटाळते, त्याला खूण करा. राग ठरवायचाच झाला तर त्या खुणेवरून ठरेल.

कुठे राग शोधायचा आणि कुठे नाही, हेही सांगून टाकतो. नाट्यपदांत शोधा. पुष्कळ पुस्तकांत राग-ताल पदावरच छापलेला असतो, त्याच्याशी ताडून बघता येतं. १९१६च्या 'स्वयंवर' नाटकातलं 'नाथ हा माझा' यमनात आहे. भास्करबुवा बखल्यांची ती चाल रोज ऐकलीत तर यमन वेगळा शिकावा लागणार नाही. मैफलीतल्या अभंगांतही शोधा. भीमसेन जोशींनी गायलेला 'तीर्थ विठ्ठल' राम फाटकांनी अहिर भैरवात बांधला आहे. लावणीत पिलू, काफी, खमाज, भैरवीच्या छटा दिसतील. तिथे 'पिलूची छाया' असं लिहा, 'राग पिलू' असं नको. ओवी, गोंधळ, धनगरी ओवी यांत राग शोधायला जाऊच नका. सूर लिहून पुढे चला.

पायरी ७: तेच शब्द, दुसरा गळा

गायकीचा रकाना सगळ्यात अवघड, कारण तो मोजता येत नाही. तो समजून घ्यायला मराठीत एक तयार धडा आहे. १९६७च्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात गाण्याच्या दोन घराण्यांचा झगडा आहे, आणि 'घेई छंद मकरंद' हे एकच पद त्यात दोन तऱ्हांनी येतं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. प्रसाद सावकारांनी गायलेलं धानी रागात, वसंतराव देशपांड्यांनी गायलेलं सलगवराळी रागात. दोन्ही पाठोपाठ ऐका, आणि तुलना पंधरा-वीस सेकंदांच्या तुकड्यांतच करा: तोच शब्द एक गळा कसा मांडतो आणि दुसरा त्याच्याशी कसा खेळतो. तान कुठे सुटते, आवाजाला धार कुठे येते, शब्द पुरा म्हटला जातो की सुरासाठी तुटतो. जे ऐकू आलं ते साध्या मराठीत लिहा. 'शब्द तोडून ताना', 'संथ, सरळ सूर', 'बोलल्यासारखं' एवढं पुरतं. घराण्याचं नाव घालायची गरज नाही.

पायरी ८: आता प्रकार, आणि त्यावरची भांडणं

इथवर आलात तर निम्म्या गाण्यांचा प्रकार आपोआप समोर आलेला असेल. भांडण उरलेल्यांचं.

गौळण घ्या. एकनाथांची गौळण टाळ-पखवाजावर भजनात गायली जाते. तमाशातली गौळण गणानंतर (गणेशाच्या नमनानंतर) येते, ढोलकीवर, मावशी आणि पेंद्या या विनोदी पात्रांसकट. दोन्हीकडे कृष्ण आहे, दोन्हीकडे मथुरेचा बाजार आहे, आणि नावही तेच. नुसतं 'गौळण' लिहू नका. 'गौळण, भजनी' आणि 'गौळण, तमाशा' अशा दोन नोंदी करा.

भीमगीत हे विषयाचं नाव. वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) गाणी आणि त्यांच्या आगेमागे उभी राहिलेली सगळी परंपरा ऐकलीत तर कुठे पोवाड्याचा जोर आहे, कुठे जलशाची (आंबेडकरी चळवळीतल्या गाण्या-नाट्याच्या कार्यक्रमाची) धाटणी, कुठे लोकगीताची साधी चाल, आणि कितीतरी ठिकाणी चक्क कव्वाली. प्रल्हाद शिंद्यांच्या एकाच गळ्यातून विठ्ठलाची गाणी, कव्वाल्या आणि भीमगीतं आली आहेत. 'प्रकार: भीमगीत' एवढ्यावर थांबलात तर ही सगळी विविधता झाकली जाते. विषय एका रकान्यात आणि चाल दुसऱ्यात, म्हणजे दोन्हींना न्याय.

चित्रपटगीत हा प्रकार मी वापरतच नाही. ते माध्यमाच्या रकान्यात जातं. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मधलं 'बुगडी माझी सांडली गं' चित्रपटातलं म्हणून लावणी नव्हे, असं म्हणायला कुणी धजावणार नाही.

आणि सगळ्यात गमतीची जात म्हणजे उसन्या चालीची. मुंबईच्या लोकलमधलं भजनी मंडळ ऐका, किंवा कोकणात डबलबारीला (दोन भजनी बुवांच्या सामन्याला) बसा. बुवा गजराला उभा राहतो आणि चाल निघते एखाद्या हिट हिंदी गाण्याची. काही जाणकार नाक मुरडतात. पण हे आजचं नाही. संगीत नाटकांच्या सुरुवातीच्या काळात पदांवर 'चाल:' म्हणून दुसऱ्या गाण्याचं नाव छापलेलं असायचं, आणि त्यात कानडी पदं, ठुमऱ्या, लावण्या सगळं चालायचं. पुढे त्याच नाट्यपदांच्या चाली कीर्तनकारांनी उचलल्या. म्हणून 'चाल कुठून आली' हा रकाना. लोकलमधल्या त्या गाण्याचा प्रकार भजनच. चाल उसनी, इतकं नोंदवलं की झालं.

एक ओळ भरून पाहू

'घनश्याम सुंदरा श्रीधरा' घ्या. शब्द होनाजीचे, म्हणजे पेशवाईतल्या शाहिराचे, ज्याला आपण लावणीकार म्हणून ओळखतो. प्रसंग: पहाट, देवाला जागवणं, म्हणजे भूपाळी. माध्यम: 'अमर भूपाळी' हा १९५१चा चित्रपट, संगीत वसंत देसाई, आवाज पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर. सूर: भूप-देशकारातले ते पाच. विसाव्याचा सूर कोणता, हे ऐकून तुम्हीच खूण करा. भूप तसा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, आणि भूपाळी पहाटेची, त्यामुळे या रकान्यावर वाद घालायला चांगला वाव आहे. ठेका आणि वाद्यं याही तुमच्या कानाने भरा. आता उजवीकडचा शेवटचा रकाना: मी 'भूपाळी' लिहीन. लावणीकाराने रचलेलं, चित्रपटात गाजलेलं, रागाच्या सुरांत बांधलेलं, तरी भूपाळीच, कारण हे गाणं कशासाठी आहे याचं उत्तर बाकी सगळ्या उत्तरांपेक्षा जड आहे. तुम्हाला दुसरं काही जड वाटलं तर ते लिहा, फक्त सगळ्या तक्त्यात तोच नियम पाळा.

नोंदी ठेवताना

'इतर' नावाचा प्रकार ठेवू नका. कळलं नाही तर रकाना कोरा सोडा. कोरा रकाना पुढे भरता येतो, 'इतर' कायमचा तसाच राहतो. संशय असेल तर प्रश्नचिन्ह घाला आणि शेजारी कारण लिहा: 'रूपक? अंतऱ्यात मोजणी चुकते'. घरच्या रेकॉर्डिंगला गाणाऱ्याचं गाव, साल आणि निमित्त (हळद, बारसं, नागपंचमी, सप्ताह) आजच लिहून ठेवा. सूर-ताल दहा वर्षांनीही काढता येतील, पण 'ही ओवी कुठे शिकलीस' हे आजीलाच विचारावं लागेल. फाईलचं नाव पहिल्या ओळीवरून द्या, प्रकारावरून देऊ नका, म्हणजे मत बदललं तरी फाईल हलवावी लागणार नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या मताने एखादा राग किंवा प्रकार लिहिला असेल तर तसं नमूद करा: 'पुस्तकातून', 'बुवांच्या सांगण्यावरून', 'माझ्या कानाने'.